सेवाग्रामची अट आणि बाजारातला कॅमेरा

चित्रकलेच्या इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेत स्मरणचित्राला ‘आठवडी बाजार’ हा विषय आला की आपल्या विदर्भातल्या शाळांमधली बहुतेक चित्रं एकमेकांची सख्खी भावंडं निघतात. मधोमध छत्री, तिच्याखाली भाजीवाली, उजवीकडे पिशवी धरलेली बाई, मागे तीन झाडं. काढणारं पोरगं दर आठवड्याला खऱ्या बाजारात जातं, चित्र मात्र गाईडातून उतरवतं. अशा पोराला कधीतरी मोबाइलवर छायाचित्रकार रघु राय यांचे फोटो सापडतात, आणि पहिल्यांदा बदलते ती कागदाची कड. माणूस अर्धाच आत येतो, कुणाची नुसती पाठ दिसते, बैलाचं शिंग पुढ्यात येऊन मागचा सौदा झाकून टाकतं.

यामागची परंपरा, म्हणजे रस्त्यावरचं जगणं जसंच्या तसं टिपणारी ‘स्ट्रीट’ फोटोग्राफी, सुरू होते तीही चित्रकला शिकणाऱ्या एका तरुणापासूनच. चित्रकार आंद्रे ल्होत यांच्याकडे चित्रकला शिकलेल्या, पुढे छायाचित्रकार म्हणून गाजलेल्या फ्रान्सच्या आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला छायाचित्रकार मार्टिन मुंकाची यांचा एक फोटो पाहिला. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराच्या लाटेत धावत शिरणारी तीन पाठमोरी मुलं. त्या फोटोने त्यांना कॅमेऱ्याकडे ओढलं. 1932 मध्ये त्यांनी लायका हा हातात मावणारा छोटा कॅमेरा घेतला. तो चमकून कुणाचं लक्ष वेधू नये म्हणून त्यावर काळी टेप लावली. फ्लॅश वापरायचा नाही, कुणाला उभं करायचं नाही, नंतर फोटो कापायचा नाही. ल्होतकडची भूमिती मात्र शेवटपर्यंत प्रत्येक चौकटीत राहिली. (कर्तव्यभूमितीचा पेपर आपली पोरं कंटाळत सोडवतात. तो इथे कामाला येतो, हे त्यांना कुणी सांगत नाही.)

भारतात ही धग दोन वाटांनी पोचली. 1942 साली आज पाकिस्तानात असलेल्या झंग इथे जन्मलेले रघु राय शिकले सिव्हिल इंजिनिअरिंग. कॅमेरा हाती आला तो थोरले भाऊ एस. पॉल यांच्यामुळे, आणि पहिला छापून आलेला फोटो होता गाढवाच्या पिल्लाचा, तोही थेट लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये. 1971 मध्ये पॅरिसला त्यांचं प्रदर्शन भरलं, ते पाहून पुढे कार्तिए-ब्रेसाँ यांनीच 1977 मध्ये मॅग्नम या छायाचित्रकारांच्या संस्थेसाठी त्यांचं नाव सुचवलं. दुसरी वाट छायाचित्रकार रघुबीर सिंग यांची. 1966 मध्ये जयपूरला त्यांनी कार्तिए-ब्रेसाँ यांना काम करताना जवळून पाहिलं, बरंच उचललं, आणि त्या उस्तादाला न आवडणारी गोष्ट आयुष्यभर केली. रंगीत फोटो काढले. प्रभाव म्हणजे काय, हे मला या दुसऱ्या गोष्टीत जास्त कळतं. फिल्टर लावून सगळं काळं-पांढरं केलं की फोटो ‘स्ट्रीट’ होतो असं मानणाऱ्यांनी नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरला लाल मिरची वाळत घातलेली असताना एकदा जाऊन यावं.

पण विदर्भासाठी खरी महत्त्वाची गोष्ट पॅरिसची नाही, वर्ध्याजवळची आहे. 1936 मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले. त्यांच्या नात्यातला, पुतण्याचा मुलगा कनू गांधी आश्रमातच कामाला होता. त्याला फोटो काढायचे होते. उद्योगपती घनश्यामदास बिर्लांनी कॅमेरा आणि फिल्मसाठी 100 रुपये दिले. बापूंनी परवानगी दिली, पण अटी घातल्या: फ्लॅश नाही, मी पोज देणार नाही, आश्रम पैसे देणार नाही. कुडाच्या भिंतींच्या, कौलारू झोपडीत त्या काळच्या फिल्मवर बिनफ्लॅशचा फोटो काढून पाहा म्हणजे या अटीचं वजन कळेल. पॅरिसकराने जी शिस्त आपणहून घेतली होती, ती इथे घरच्या म्हाताऱ्याने लादली. कार्तिए-ब्रेसाँ स्वतः गांधीजींना भेटले ते 30 जानेवारी 1948 ला, दिल्लीत, हत्येच्या थोडाच वेळ आधी. पुढे जगाने पाहिले ते त्यांनी टिपलेले अंत्ययात्रेचे फोटो. कनूचं काम कित्येक वर्षं फारसं कुणाला ठाऊकही नव्हतं.

नंतर गावात कॅमेरा आला तो स्टुडिओतून आणि लग्नातून. आणि शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या सुरू झाल्यावर बाहेरून आला. विदर्भ म्हटलं की एकच फोटो: दारात बसलेली बाई, मांडीवर नवऱ्याची तसबीर. तो फोटो खोटा नाही. पण त्या तसबिरीकडे नीट पाहा. पासपोर्ट फोटो मोठा केलेला, मागे निळा पडदा भरलेला, कधी अंगात कोट चढवलेला. त्या माणसाने जन्मात न घातलेला कोट. तो चढवणारा तालुक्याच्या स्टुडिओतला पोरगा, आणि आज बाजारात मोबाइल घेऊन फिरणारा पोरगा बहुतेक वेळा तोच असतो. बाहेरच्यांच्या फोटोत न आलेलं त्याच्या अंगणात आहे: तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढत निघालेली नटलेली लेकरं, कापसाच्या जिनिंगच्या दारात रात्रभर उभ्या गाड्या, वडसा-देसाईगंजला पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी नाटकाच्या रंगपटात मिशी चिकटवत बसलेला राजा.

अडचण एकच. पॅरिसमध्ये कार्तिए-ब्रेसाँ यांना कुणी ओळखत नव्हतं. काळी टेप लावली की झालं. गावात हा कुणाचा पोरगा ते प्रत्येकाला माहीत. कॅमेरा वर केला की बांगडीवाली हात थांबवून विचारते, “काहाले काढतं रे माहा फोटू?” आणि पदर सावरून ताठ बसते. गेला फोटो. इथे लपणं चालत नाही, कनूची रीत चालते: रोज तिथे असायचं, चार वजनं उचलून द्यायची, काढलेला फोटो दुसऱ्या बाजाराला नेऊन दाखवायचा, आणि कुणी नको म्हटलं तर मोबाइल खिशात. तिसऱ्या-चौथ्या बाजारापासून बांगडीवाली त्याच्याकडे बघत नाही, गिऱ्हाइकाच्या मनगटाकडे बघते.