सरवणा भवनचा मालक: इडली-डोशापासून जन्मठेपेपर्यंत

चेन्नईला जाऊन आलेल्या मराठी माणसाला सरवणा भवन म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. स्टीलच्या ताटातली वाफाळती इडली, तीन-चार चटण्या, डबऱ्यातली फिल्टर कॉफी आणि झपाट्याने हलणारी गर्दी. दुबई, लंडन, पॅरिस, न्यू यॉर्क इथंही याच नावाची पाटी लागली. ही पाटी पहिल्यांदा लावणारा पी. राजगोपाल जुलै २०१९ मध्ये वारला तेव्हा तो खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप झालेला कैदी होता.

त्याची गोष्ट बहुतेक वेळा दोन तुकड्यांत सांगितली जाते. आधी कष्टाळू, दानशूर उद्योजक, मग एका बाईच्या मोहापायी बिघडलेला माणूस. मला ही विभागणी पटत नाही. ज्या रीतीने त्याने हॉटेल चालवलं आणि ज्या रीतीने तो त्या गुन्ह्यापर्यंत पोचला, त्या दोन्हींच्या मुळाशी एकच सवय दिसते: माणसाला भरभरून द्यायचं आणि मग तो माणूस आपला समजायचा.

राजगोपालचा जन्म १९४७ चा, तुतिकोरिन जिल्ह्यातल्या पुन्नैयाडी या खेड्यातला. वडील कांदे विकायचे. सातवीनंतर शाळा सुटली, घरही सुटलं. लहान वयातच हॉटेलात टेबलं पुसायची आणि जमिनीवर झोपायचं, असं त्याचं शिक्षण झालं. चहा करायला तो तिथंच शिकला. पुढे किराणा दुकानात काम, आणि १९७० च्या दशकात मद्रासला येऊन के. के. नगर भागात स्वतःचं किराणा दुकान.

तो नाडार समाजातला. हा तपशील महत्त्वाचा आहे. ताडाच्या झाडावर चढून ताडी-नीरा काढणं हा या समाजातल्या अनेकांचा परंपरागत व्यवसाय, आणि त्यापायी वाट्याला आलेली अस्पृश्यतेच्या जवळ जाणारी वागणूक. कमुदीच्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून नाडारांनी दिलेली लढाई ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेली आणि १९०८ मध्ये ते तिथंही हरले. देवळाचं दार उघडेना, तेव्हा त्यांनी बाजाराचं दार धरलं. व्यापाऱ्यांनी मालामागे ठरावीक रक्कम समाजाच्या सामाईक निधीत टाकायची आणि त्यातून शाळा, विहिरी, बाजारपेठा उभ्या करायच्या, ही त्यांची पद्धत होती. १९२१ मध्ये तुतिकोरिनला नाडार बँक निघाली. आजची तमिळनाड मर्कंटाइल बँक ती हीच. कामराज याच समाजातून येऊन मद्रास राज्याचे मुख्यमंत्री झाले. आपल्या माणसाला हात द्यायचा, पैसा आपल्यांत फिरवायचा, हे राजगोपालला कुठल्या व्यवस्थापनाच्या वर्गात शिकावं लागलं नव्हतं.

मद्रासमधला शाकाहारी हॉटेलांचा धंदा मात्र तेव्हा ब्राह्मणांचा, विशेषतः उडुपीकडच्यांचा मानला जायचा. कृष्ण राव यांचं वुडलँड्स, सीताराम राव यांचं दासप्रकाश, ही मोठी नावं. मुंबईत माटुंग्याला रामा नायक यांनी १९४२ मध्ये सुरू केलेलं उडुपी हॉटेल ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना त्या परंपरेचा दरारा कळेल. जेवण कोणी शिजवलं हा प्रश्न ज्या काळात ताटावर बसण्याआधी विचारला जायचा, त्या काळात नाडार माणसाने शुद्ध शाकाहारी हॉटेल काढणं हे धाडसच होतं, आणि त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

के. के. नगरमध्ये जवळपास धड हॉटेल नाही, जेवायला टी. नगरला जावं लागतं, अशी तक्रार दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाने केली. एका ज्योतिषाने अग्नीशी संबंधित धंदा तुला लाभेल असं सांगितलं. राजगोपालने दोन्ही ऐकलं आणि १९८१ मध्ये पहिलं सरवणा भवन उघडलं. नाव मुरुगन देवाचं. तो त्याचा निष्ठावान भक्त होता. ज्योतिषावरचा हा विश्वास लक्षात ठेवायला हवा, कारण वीस वर्षांनी तो पुन्हा या कथेत येतो.

सुरुवातीला एका सल्लागाराने स्वस्त माल वापर, पगार कमी ठेव असं सुचवलं. राजगोपालने थोडे दिवस ऐकून त्यालाच काढून टाकलं. खोबरेल तेल आणि चांगली भाजी वापरायची, दर मात्र कमी ठेवायचे, असं धोरण ठरलं. महिन्याला सुमारे दहा हजार रुपये तोटा होत होता. तेव्हाच्या मानाने ही रक्कम किराणा दुकानदाराला झोप लागू न देणारी होती. पण लोक परत परत येऊ लागले आणि तोटा भरून निघाला. पुढच्या काळात शाखांमागून शाखा निघाल्या. २००० मध्ये दुबईत परदेशातली पहिली शाखा आली. एका शहरातली चव दुसऱ्या देशात जशीच्या तशी नेणं अवघड असतं. त्यासाठी त्याने आपल्याच स्वयंपाकघरांत तयार झालेले आचारी बाहेर पाठवले.

हे आचारी, वाढपी, भांडी घासणारे त्याला 'अण्णाची' म्हणत, थोरला भाऊ या अर्थाने. हॉटेलच्या धंद्यात आपल्याकडे आजही पोऱ्याला साधी रजा मिळत नाही, तिथं सरवणा भवनमध्ये राहायची सोय होती, औषधोपचाराचा खर्च होता, गावी जाण्यासाठी मदत होती, मुलींच्या लग्नासाठी आणि मुलांच्या शिक्षणासाठी पैसे होते. दक्षिणेकडच्या खेड्यांतली कितीतरी कुटुंबं या पगारावर उभी राहिली. त्यामुळे खटला चालू असतानाही अनेक कामगार त्याच्याबद्दल आदराने बोलत. ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. आजारी बापाच्या दवाखान्याचं बिल ज्याने भरलं, त्याच्याबद्दल माणूस कृतज्ञच राहणार.

पण यातलं बरंचसं मालकाच्या मर्जीवर होतं. मर्जीने मिळालेल्या गोष्टीचं ओझं असतं आणि ते कामगाराच्या बायकामुलांपर्यंत पोचतं. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात राजगोपालची नजर आपल्या हॉटेलातल्या एका सहायक व्यवस्थापकाच्या मुलीवर गेली. तोपर्यंत त्याची दोन लग्नं झाली होती. तिच्याशी तिसरं लग्न केलंस तर भरभराट होईल असं ज्योतिषाने सांगितल्याचं तेव्हा सर्वत्र छापून आलं. मुलीने नकार दिला आणि १९९९ मध्ये आपल्या पसंतीच्या तरुणाशी लग्न केलं.

इथून पुढे पैसा हेच त्याचं हत्यार झालं. त्या कुटुंबाला आर्थिक मदत, दागिने, रेशमी साड्या, दवाखान्याचा खर्च, सगळं अण्णाचीकडून येत राहिलं. प्रवास कंपनी काढण्यासाठी या जोडप्याने भांडवल मागितलं तेही त्याच्याकडेच. देणारा माणूस घरात कधीही येऊ शकतो, फोन करू शकतो, नवऱ्यापासून वेगळी हो असं सांगू शकतो, असं त्याने गृहीत धरलं होतं. सप्टेंबर २००१ च्या अखेरीस त्याने थेट धमकी दिली. १ ऑक्टोबरला दोघांना पळवून नेऊन के. के. नगरच्या गोदामात नवऱ्याला मारहाण झाली. तिथून निसटल्यावर त्यांनी १२ ऑक्टोबरला पोलीस आयुक्तांकडे तक्रार केली. तक्रार झाल्यानंतरही आठवड्याच्या आत त्यांना पुन्हा उचलण्यात आलं. माझ्या मते या प्रकरणातला सर्वात संतापजनक भाग हाच आहे, कारण तोपर्यंत एक जीव वाचवता आला असता.

ज्यांच्या हातून हे झालं त्यांच्यातले अनेक जण राजगोपालच्याच नोकरीतले किंवा त्याच्या आश्रयाचे होते. खून करण्याचं काम ज्याच्यावर सोपवलं होतं त्याने आधी त्या तरुणाला सोडून दिलं आणि मुंबईला पळून जा असं सांगितलं. मालकाला मात्र काम फत्ते झाल्याचं खोटं कळवलं. तरुण मुंबईला गेला नाही. तो बायकोकडे परतला, आणि अण्णाचीच्या पायाशी जाऊन विनवणी केली तर तो सोडेल या आशेने दोघं त्याच्यासमोर गेले. २६ ऑक्टोबर २००१ ला कोडैकनालजवळच्या डोंगरात त्या तरुणाचा गळा आवळून खून झाला. ३१ तारखेला वनखात्याच्या लोकांना मृतदेह सापडला. ओळख न पटल्याने तो पुरण्यात आला होता. नंतर उकरून, कवटी आणि छायाचित्र जुळवणाऱ्या सुपरइम्पोझिशन चाचणीचा आधार घेऊन ओळख पक्की केली गेली.

नोव्हेंबरमध्ये राजगोपाल शरण आला. २००४ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला दहा वर्षांची सक्तमजुरी आणि ५५ लाखांचा दंड सुनावला, त्यातले ५० लाख मृताच्या पत्नीला द्यायचे होते. मार्च २००९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने हा खूनच असल्याचं मानून शिक्षा जन्मठेपेपर्यंत वाढवली. सर्वोच्च न्यायालयात अपील झालं, जामीन मिळाला, आणि पुढची दहा वर्षं तो बाहेर होता. कारभार मुलांच्या हाती असला तरी शब्द त्याचाच चालायचा. याच काळात साखळी वाढत गेली. त्याने आपल्या गावी मोठं मंदिरही बांधलं.

२९ मार्च २०१९ ला न्या. रमणा, न्या. शांतनगौडर आणि न्या. इंदिरा बॅनर्जी यांच्या पीठाने जन्मठेप कायम केली. शरण येण्याची मुदत ७ जुलैपर्यंत होती. प्रकृतीचं कारण देऊन मागितलेली वाढ नाकारली गेली, तेव्हा ९ जुलैला तो रुग्णवाहिकेतून, प्राणवायूचा मुखवटा लावून चेन्नईच्या न्यायालयात आला. चार दिवसांत हृदयविकाराचा झटका आला आणि १८ जुलैला खासगी रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला.

अपिलात बचाव पक्षाने डीएनए चाचणी न झाल्याचा आणि दुसऱ्या प्राथमिक माहिती अहवालाच्या वैधतेचा मुद्दा लावून धरला होता. न्यायालयाने तो मानला नाही. तीनही पातळ्यांवर खटला मुख्यतः त्या विधवेच्या साक्षीवर उभा राहिला. जिच्या घरात अण्णाचीचा पैसा आला होता, तिने न्यायालयात येऊन सगळं सांगितलं, आणि तिची साक्ष अखेरपर्यंत विश्वासार्ह ठरली.