मंचामागे धडधडणारा जनरेटर

संगीत महोत्सव पर्यावरणपूरक करायचा म्हटलं की पहिली कुऱ्हाड प्लास्टिकवर पडते. पडायलाच हवी. इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी महोत्सवात 2017 साली पाण्याच्या दहा लाखांहून जास्त प्लास्टिक बाटल्या विकल्या गेल्या होत्या. 2019 पासून आयोजकांनी ती विक्रीच बंद केली. पण मैदानावरचा कचरा डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याची चर्चा होते. कनातीपलीकडे उभ्या असलेल्या जनरेटर व्हॅनकडे सहसा कुणी वळूनही बघत नाही. माझ्या मते सुरुवात तिथून करायला हवी.

एक लिटर डिझेल जळलं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हे टळत नाही. मात्र त्या एका लिटरमधून किती वीज मिळते, हे जनरेटरवर भार किती आहे यावर ठरतं. 100 किलोवॉटचा जनरेटर पूर्ण भारावर लिटरमागे साधारण साडेतीन युनिट देतो. पाव भारावर हा आकडा अडीचच्या आसपास येतो आणि दहा टक्के भारावर दोनच्याही खाली घसरतो. कारण इंजिनातलं घर्षण, थंड ठेवणारा पंखा, वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरच्या गाभ्यातली गळती यांना लागणारी ऊर्जा भार कमी झाला म्हणून फारशी कमी होत नाही. सिग्नलला उभी असलेली रिक्षाही पेट्रोल पीतच असते, तसंच हे. शिवाय हलक्या भारावर सिलिंडर पुरेसा तापत नाही, इंधन अर्धवट जळतं आणि काजळीमिश्रित तेलकट चिकटा धुराड्यात साचतो. व्हॅनच्या धुराड्याच्या तोंडाशी काळे ओघळ दिसले, तर ते बहुधा यामुळेच.

मग एवढा मोठा जनरेटर आणतात कशाला? कार्यक्रम मध्येच बंद पडू नये म्हणून. साउंडवाला आपली गरज सांगतो, लाइटवाला आपली, प्रत्येक जण वर थोडं वाढवून सांगतो आणि जनरेटरवाला त्या बेरजेवर आणखी एक मजला चढवतो. त्यांची भीती खोटी नाही. ढोल किंवा बास गिटारचा ठोका पडतो त्या क्षणी अँप्लिफायर भरपूर वीज ओढतो. पण दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात मागणी कोसळते. अँप्लिफायर बनवणाऱ्या कंपन्या प्रत्यक्ष वापरातली वीज सांगताना कमाल क्षमतेचा आठवा हिस्सा धरतात, तो याचसाठी. दिव्यांचंही गणित बदललं आहे. मंचावरच्या 1000 वॉटच्या जुन्या ‘पार’ प्रकारच्या दिव्याचं काम आता एलईडीवर दोनेकशे वॉटमध्ये भागतं. जनरेटरची मागणी मात्र बऱ्याच ठिकाणी जुन्याच अंदाजाने नोंदवली जाते.

यावर पहिला उपाय अगदी साधा आहे: मोजा. मंचाच्या मुख्य केबलवर नोंद ठेवणारा मीटर लावला, तर पुढच्या वर्षी किती केव्हीएचा (म्हणजे किती क्षमतेचा) जनरेटर मागवायचा हे कागदावर दिसतं. दुसरा उपाय बॅटरीचा. ठोक्यांची क्षणिक मागणी आणि मध्यरात्रीनंतरचे चार दिवे बॅटरी सांभाळते. जनरेटर लहान लागतो आणि तो मोजके तासच, पण भरल्या भाराने चालतो.

जनरेटर पूर्णपणे वगळणंही शक्य आहे. ब्रिटनमधल्या मॅसिव्ह अटॅक या वाद्यवृंदाने मँचेस्टरच्या टिंडल सेंटरमधल्या हवामान-शास्त्रज्ञांकडून मैफली आणि दौऱ्यांच्या उत्सर्जनाचा अभ्यास करून घेतला. त्याच्या आधारे 25 ऑगस्ट 2024 रोजी आपल्या गावी, ब्रिस्टलमध्ये, हजारो रसिकांसमोर दिवसभराचा जलसा केला. मैदानावरची वीज बॅटऱ्यांची होती आणि जेवण संपूर्ण शाकाहारी, दूधदुभतंही वर्ज्य. मला त्याहून मोलाची वाटते ती येण्याजाण्याची व्यवस्था. वाहनतळ ठेवलाच नव्हता. परिसरातल्या लोकांना तिकिटं आधी मिळाली. रात्री परतण्यासाठी जादा रेल्वेगाड्या आणि स्टेशनपर्यंत विजेवरच्या बस होत्या.

याचं कारण आकड्यांत आहे. ब्रिटनमधल्या महोत्सवांच्या पाहणीत एकूण उत्सर्जनापैकी सुमारे 80 टक्के वाटा श्रोत्यांच्या प्रवासाचा निघाला. म्हणजे जनरेटर सुधारला तरी मोठा हिस्सा रस्त्यावरच उरतो. म्हणून कार्यक्रम किती वाजता संपतो आणि शेवटची बस किती वाजता सुटते, या दोन वेळा जुळवणं हे पर्यावरणाचंच काम आहे. पुण्यात 1953 पासून चालत आलेला सवाई गंधर्व महोत्सव आता मुकुंदनगरला भरतो आणि सप्टेंबर 2024 पासून मेट्रो स्वारगेटपर्यंत पोहोचली आहे. अशा ठिकाणी मेट्रो आणि पीएमपीच्या शहर बसचं वेळापत्रक तिकिटावरच छापायला हरकत नसावी.

आपल्याकडे महावितरणची तात्पुरती जोडणी मिळते, ती घ्यावीच. वस्तीतला धूर आणि धडधड थांबते. कार्बनचा हिशेब मात्र सरळ नाही. भारतात अजून बरीचशी वीज कोळशावर होते, त्यामुळे सरासरी एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. भरल्या भाराने चालणारा जनरेटर जवळपास तेवढाच, पावणेआठशे ग्रॅमच्या आसपास, सोडतो. पाव भारावर चालणारा मात्र एक किलोच्या वर जातो. बॅटरीचा खरा फायदा इथे वेळेमुळे होतो. महोत्सवाला वीज लागते संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर, म्हणजे औष्णिक केंद्रांवरचा ताण वाढतो त्याच वेळी. तीच बॅटरी दुपारी बारा ते तीनमध्ये, ग्रिडमध्ये सौरवीज भरपूर असताना, भरून ठेवता येते.