झेरॉक्स काढायची, गुगल करायचं

नुसत्या प्रसिद्धीने कंपनीचं नाव क्रियापद होत नाही. एके काळी घराघरात बजाजच्या स्कूटर होत्या, तरी ‘मंडईत बजाज करून येतो’ असं कुणी म्हटलं नाही. (‘टाटा करणे’ आहे, पण त्याचा ट्रकशी संबंध नाही.) स्कूटर ‘चालवायची’ असते. ते क्रियापद आधीपासून होतं, त्यामुळे जागाच रिकामी नव्हती. नाव क्रियापदाच्या जागी जाऊन बसतं ते यंत्राने एखादी नवीच कृती आणली आणि तिला हाक मारायला शब्द नसला तर.

झेरॉक्सचं तसं झालं. न्यूयॉर्कमधला चेस्टर कार्लसन एका कंपनीच्या पेटंट विभागात कामाला होता. कागदपत्रांच्या प्रती हाताने उतरवून तो कावला होता, त्यात संधिवात. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी अ‍ॅस्टोरिया भागातल्या एका खोलीत त्याने आणि त्याचा साहाय्यक ऑटो कोर्नाय याने जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिला. अंधारात तो थर रुमालाने घासला, म्हणजे त्यावर स्थिरविद्युत भार चढला. मग शाईने तारीख आणि गावाचं नाव लिहिलेली काच त्यावर ठेवून प्रखर दिवा लावला. उजेड पडला तिथला भार निघून गेला, अक्षरांच्या सावलीत तो राहिला. वरून भुकटी भुरभुरवून फुंकर मारली, तर भार शिल्लक होता तेवढ्याच जागी ती चिकटून राहिली. मेणकागदावर ती उचलून गरम केली आणि पहिली प्रत तयार झाली. आज गंधकाऐवजी दुसरे पदार्थ असतात आणि भुकटीला टोनर म्हणतात, तत्त्व तेच. ताजी प्रत हाताला ऊबदार लागते ती टोनर वितळवून कागदावर बसवतात म्हणून.

या पद्धतीत द्रव लागत नाही, म्हणून ‘कोरडं’ आणि ‘लिहिणं’ या अर्थांचे ग्रीक शब्द जोडून तिचं नाव बेतलं गेलं आणि त्यातून ‘झेरॉक्स’ हे नाव निघालं. १९५९ साली हे तंत्र उचललेल्या कंपनीचं ९१४ हे यंत्र बाजारात आलं. ९ गुणिले १४ इंचांपर्यंतचा कागद चालायचा, म्हणून ९१४. कागद आत अडकून पेट घेण्याची भीती असायची, म्हणून सोबत आग विझवायचं छोटं उपकरण यायचं. त्याला कंपनीने भाजणं टाळणारं असं सोज्वळ नाव दिलं होतं! पुढे १९७५ मध्ये अमेरिकी सरकारशी झालेल्या तडजोडीत कंपनीला आपली पेटंटं इतरांना खुली करावी लागली. स्पर्धकांची यंत्रं आली, पण लोकांच्या तोंडातलं नाव बदललं नाही. आपल्याकडे यंत्र कॅननचं असतं आणि पाटी झेरॉक्सची.

इथून पुढे प्रत्येक भाषेचा दरवाजा वेगळा. इंग्रजी नाम उचलते आणि जसंच्या तसं क्रियापद म्हणून वापरते. जर्मन शेपूट बदलून ‘गूगेल्न’ करते. जपानीत तर योगायोगच घडला: गुगलचा उच्चार तिथे ‘गूगुरु’ होतो आणि जपानी क्रियापदं बरीचशी ‘रु’ने संपतात, जसं ‘ताबेरु’ म्हणजे खाणे, ‘मिरु’ म्हणजे पाहणे. त्यामुळे ‘गुगुरु’ आपोआप क्रियापदासारखं दिसलं आणि चालूही लागलं.

मराठी परक्या शब्दाला सहसा क्रियापदाचा प्रत्यय लावत नाही; त्याला नामच ठेवते आणि मदतीला करणे, काढणे, मारणे यांतलं एक देते. हात-हाताळणे, पाणी-पाणावणे अशी नामधातूंची, म्हणजे नामापासून क्रियापद करायची, सोय आपल्याकडे आहे, ‘हाताळलं’ चालतं तर ‘गुगललं’ का नको? नियमाची हरकत नाही, सवयीची आहे. मला त्या मदतनीस क्रियापदाची निवड फार बोलकी वाटते. फोटो ‘काढतात’, म्हणून झेरॉक्सही ‘काढली’, आणि प्रतीसारखी ती स्त्रीलिंगीही झाली. गुगल मात्र ‘करतात’, कारण हातात काही येत नाही.

आता कायद्याची गंमत. शब्द सर्रास वापरात आला की व्यापारचिन्हाचा हक्क जाऊ शकतो. अमेरिकेत १९२१ मध्ये अ‍ॅस्पिरिनचा, १९५० मध्ये एस्केलेटरचा आणि १९६३ मध्ये थर्मॉसचा असा निकाल लागला. त्यामुळे तिथे झेरॉक्सने आपलं नाव क्रियापदासारखं वापरू नका म्हणून जाहिराती दिल्या. पण गुगलविरुद्धच्या खटल्यात २०१७ साली अमेरिकी अपील न्यायालयाने सांगितलं, की नुसत्या क्रियापदाने हक्क जात नाही; ते नाव ऐकल्यावर लोकांना एक विशिष्ट कंपनी आठवते की कुठलंही शोधयंत्र, हे बघायचं. म्हणजे खरा धोका क्रियापदाचा नाही, नामाचा आहे. त्या हिशेबाने मराठीने झेरॉक्सचं जास्त नुकसान केलंय: क्रियापद न करता थेट वस्तूच करून टाकली.

सगळ्याच कंपन्या घाबरत नाहीत. पेटीएमने ‘पेटीएम करो’ हेच ब्रीद केलं आणि २०१६च्या नोटाबंदीनंतर भाजीवालेही ‘पेटीएम करा’ म्हणू लागले. तरी पुढे पुष्कळ ठिकाणी त्याच्या जागी ‘जीपे कर’ आलं. जीपेचं अ‍ॅप २०१७ मध्ये आलं तेव्हा त्याचं नाव ‘तेज’ होतं, हे आता किती जणांना आठवतं? आता यूपीआयमुळे कुठल्याही अ‍ॅपने कुणाचाही क्यूआर कोड वाचता येतो, तेव्हा कंपनीचं नाव घ्यायची गरजच उरत नाही. दुकानदार म्हणतो, ‘स्कॅन करा’.