टाकी धुतलेलं पाणी कुठे जाणार?
वर्क परमिटबद्दल आमच्या ग्राहकांसाठी

धातूवर मुलामा चढवणाऱ्या एका कारखान्यात, म्हणजे प्लेटिंग शॉपमध्ये, क्रोमची टाकी साफ करायचं काम निघालं. वर्क परमिट, म्हणजे धोक्याच्या कामाआधी भरायचा परवानगीचा कागद, अगदी नीट भरलेलं होतं. रेक्टिफायरला (टाकीला वीज देणाऱ्या यंत्राला) कुलूप, हेल्परच्या हातात रबरी मोजे, डोळ्यांवर गॉगल, टाकीबाहेर लक्ष ठेवायला एक माणूस. कुणाला साधं खरचटलंही नाही. फक्त धुण्याचं पाणी काढायला लावलेला होजपाइप जवळच्या पावसाळी गटारात सोडला होता. सकाळी कंपाउंडमागचा नाला पिवळाजर्द. चार दिवसांनी प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस.

हेल्परला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याला दिलेल्या कागदावर ‘पाणी कुठे सोडणार?’ असा रकानाच नव्हता. परमिट सेफ्टीवाल्याकडे, पर्यावरणाची फाइल दुसऱ्याच टेबलावर. ती उघडते जूनमध्ये, घातक कचऱ्याचं वार्षिक रिटर्न 30 तारखेच्या आत भरायचं म्हणून.

वेगळा ‘पर्यावरण फॉर्म’ आम्ही कुणाला सुचवत नाही. पहिले दोन महिने तो उत्साहाने भरला जातो, मग सह्या आधीच करून ठेवलेल्या सापडतात. त्यापेक्षा चालू परमिटवरच, मोजे-गॉगलच्या ओळीखाली, हे विचारा: या कामातून काय बाहेर पडणार आणि अंदाजे किती? ते कशात भरणार? जवळचं गटार कोणतं, त्याचं तोंड बंद केलं का? सांडलंच तर वर काय टाकायचं?

शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तिथेच घोळ होतो. तेल सांडलं की भुसा टाकायची सवय हाताला असते. तोच भुसा क्रोमिक किंवा नायट्रिक अ‍ॅसिडवर टाकला तर पेट घेऊ शकतो. नाला वाचवायला जाऊन शेडमध्ये आग! अशा ठिकाणी कोरडी वाळू ठेवा.

ओल्या कामाच्या परमिटवर ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) चालवणाऱ्या ऑपरेटरची सही घ्याच. हजार लिटर क्रोमचं पाणी एकदम आलं तर ईटीपीच्या टाकीत जागा आहे का, क्रोमवर प्रक्रिया करायचं रसायन मेटाबायसल्फाइट पुरेल का, हे त्यालाच ठाऊक असतं. शनिवारी संध्याकाळी तो घरी गेलेला असेल, तर टाकी सोमवारी धुवा.

हॉट वर्कच्या (वेल्डिंग, कटिंगसारख्या ठिणग्या उडणाऱ्या कामाच्या) परमिटवर आग विझवायची सोय लिहिलेली असते. विझवल्यावर पाणी कुठे जाणार, ते नसतं. 1 नोव्हेंबर 1986 रोजी स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ सँडोझच्या गोदामाला आग लागली. विझवायला मारलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशकं ऱ्हाइन नदीत गेली आणि मासे, विशेषतः ईल, मोठ्या संख्येने मेले. आपल्याकडे निदान गटाराच्या तोंडाशी वाळूच्या गोण्या तरी तयार असाव्यात.

गळती अडवायला बॅरलखाली ठेवलेल्या ट्रेचंही तसंच. ट्रेमध्ये सर्वांत मोठ्या बॅरलच्या 110 टक्के माल मावला पाहिजे, म्हणजे 200 लिटरच्या बॅरलला 220. पण ट्रे उघड्यावर असेल तर जूनच्या पहिल्या सरीतच तो भरतो. वर पत्रा टाका. कामातून निघालेला स्लज (गाळ) आणि तेलकट चिंध्या बॅरलमध्ये भरल्या, की त्याच दिवशी लेबल लावून तारीख घाला. साठवायची मुदत 90 दिवसांची आहे.

परमिट तपासून घ्यायला आमच्याकडे येताना कोरा फॉर्म आणू नका. मागच्या तीन महिन्यांची भरलेली परमिटं आणा, ठेकेदाराने खाडाखोड केलेली असतील तर तीसुद्धा.