तुळशीला साखरपाणी? नको हो काकू!

आमच्या रामबागेत, म्हणजे इंदूरला, मरगळलेल्या तुळशीला चमचाभर साखरेचं पाणी घालतात. त्याने मुंग्या तेवढ्या जमतात! रोप आपली साखर पानांत स्वतःच करतं. ती सुक्रोजच्या, म्हणजे आपल्या नेहमीच्या साखरेच्याच, रूपात कोंबाकडे, दाण्याकडे जाते. तिथे इन्व्हर्टेज नावाचं विकर (एन्झाइम) तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करतं. त्यावर पेशी पोसतात. आमच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा (मक्याचा) कीस खाताना आठवा: मक्याच्या एका उत्परिवर्तित (जनुकात बदल झालेल्या) वाणात दाण्याच्या बुडाशी हेच विकर कमी पडतं, म्हणून पानांत साखर असूनही दाणे चिमुकले राहतात. कुंडीत ओतलेली साखर मात्र आधी बुरशी-जिवाणूच फस्त करतात, आणि जास्त झाली तर मुळांना पाणी ओढणंही जड जातं. त्यापेक्षा कुंडी उन्हात सरकवा, तळाचं भोक तुंबलंय का बघा.