गळती जिथे दिसते, भेग तिथेच असते का?

'छतातून पाणी जिथे टपकतं, बरोबर त्याच्याच वर गच्चीला भेग असते,' हा समज जुना आहे आणि सहज पटणाराही. पण सपाट छतालाही थोडा उतार असतो. भेगेत शिरलेलं पाणी थरांमधून सरकत वाट मिळेल तिथे उतरतं, कधी बरंच दूर.

तपासताना आधी खालून पाहा. छत झुकलंय, प्लास्टर सुटलंय, गंजलेल्या सळ्या दिसतात? मग वर पाऊलच ठेवू नका, जाणकाराला बोलवा. छत भक्कम असेल तर कोरड्या दिवशी, सखल बाजूपासून एकेक भाग भिजवा आणि दरवेळी काही तास थांबा. पाणी थोडंच साठवा. १ सेंटीमीटर पाण्याचंही दर चौरस मीटरला १० किलो वजन होतं. पाइपाभोवतीची जागा आणि कठड्याचा सांधा मात्र नक्की तपासा.