सिग्नलला गाडी तापते: हवा कमी पडते की कूलंट फिरत नाही?

हायवेला ऐंशीच्या वेगात तापमानाचा काटा जागचा हलत नाही आणि टोलनाक्याच्या रांगेत पाच मिनिटं थांबलं की वर सरकायला लागतो. यामागे दोन निराळे बिघाड असू शकतात: रेडिएटरमधून (कूलंट गार करणारी पुढची जाळी) हवा पुरेशी जात नाही, किंवा कूलंट (इंजिनची उष्णता वाहून नेणारं द्रव) पुरेसं फिरत नाही. चालत्या गाडीत दोन्ही झाकले जातात. समोरचा वारा फॅनचं काम करतो आणि इंजिनचा वेग वाढलेला असल्याने कूलंट फिरवणारा कमजोर वॉटर पंपही भागवून नेतो. गॅरेजात आधी थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं कूलंट अडवणारा व्हॉल्व) बदलायला सांगतात, पण तो बंद अवस्थेत अडकला असेल तर गाडी हायवेलाही तापते. त्याच्यावर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा.

दोन्ही वेगळे ओळखायची चाचणी सोपी आहे. एसी बंद, गाडी न्यूट्रलला. काटा मधोमधच्या थोडा वर गेला की (लालच्या जवळ असेल तर अजिबात नको) इंजिन दोन हजार आरपीएमवर दोनेक मिनिटं धरा. तापमान उतरलं तर कूलंटच्या फिरण्यात खोट आहे, कारण पंप जोरात फिरताच फरक पडला. उतरलं नाही किंवा आणखी चढलं, तर हवेची बाजू तपासा. बऱ्याच नव्या गाड्यांत साधारण ८० ते १०५ अंशांपर्यंत काटा मध्येच धरून ठेवलेला असतो, म्हणून शक्य असेल तर ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे दाखवणारं यंत्र) खरा आकडा बघा. फॅन बहुतेक गाड्यांत ९५ ते १०० च्या आसपास सुरू व्हायला हवा.

हवेच्या बाजूला एसी लावून बघा. रेडिएटरचा फॅन लगेच फिरला, पण एरवी तापल्यावर फिरत नसेल, तर मोटर चांगली आहे. तापमानाचा सेन्सर, त्याचा कनेक्टर किंवा रिले (फॅनला वीज देणारा स्विच) बघा. काही छोट्या गाड्यांत एसीचा फॅन वेगळा असतो, तेव्हा कुठला फिरला ते नीट पाहा. एसीवरही हलत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले (तशाच नंबरचा दुसरा रिले बसवून बघता येतो), मग मोटरला थेट १२ व्होल्ट. दोन वेगांच्या फॅनमध्ये रेझिस्टर जळला की हळू वेग जातो आणि फॅन उशिरा, एकदम जोरात सुरू होतो. चावी काढल्यावरही फॅन फिरू शकतो, हात लांब ठेवा.

फॅन फिरतोय म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. जाळीसमोर कागद धरा. तो ओढला जाऊन चिकटला पाहिजे. चिकटत नसेल तर मोटर बदलताना वायरी उलट जोडल्या गेल्यात का बघा, फॅनभोवतीचं प्लास्टिकचं आवरण जागेवर आहे का बघा, आणि कंडेन्सर (एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत टॉर्च मारा. तिथे साठलेला धुळीचा आणि किड्यांचा थर बाहेरून दिसतच नाही. तो इंजिनच्या बाजूने पुढे, हलक्या दाबाच्या पाण्याने काढायचा. प्रेशर वॉशरने पत्र्याच्या नाजूक पात्या दुमडतात.

कूलंटच्या बाजूला पहिली खूण हीटर देतो: काटा वर आणि हीटरमधून मात्र गार हवा, म्हणजे कूलंट कमी आहे किंवा आत हवा अडकली आहे. पातळी ठीक असेल तर पंपाचा पट्टा घसरतोय का आणि पंपाखाली गळतीचे डाग आहेत का ते तपासा. कूलंट कमी झालं असेल तर नुसतं भरून थांबू नका, ते गेलं कुठे ते शोधा. कूलंटची कॅप मात्र इंजिन पूर्ण गार झाल्यावरच उघडा. अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड पाणी असं मिश्रण भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, गाडीचं नाक थोडं उंच करा, फॅन दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा आणि गार झाल्यावर पातळी पुन्हा बघा. कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील) गेलं असण्याची शक्यता मोठी. मग गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.